मला हसवू नका

धारच्या फडणिसांच्या पंगतीतून मधेच उठून गेलेली पहिली मुलगी मी. हे मी नाही म्हणत, भैयासाहेब म्हणतात, आणि त्यांचं वय बघता त्यांच्या शब्दाला किंमत आहे.

लग्न माझ्या मैत्रिणीचं होतं, अंकिताचं. ती माझ्यासारखीच देवासची, कारखान्यात नोकरीला म्हणून इकडे आलेल्या मराठी माणसाची मुलगी. सासर मात्र धारचं, जुनं. संस्थानच्या काळात त्या घरात फडणिशी होती. ती गेली तरी रीत गेलेली नाही. बुफे पाहुण्यांसाठी. घरची पंगत पाटावर, पानाभोवती रांगोळी, आणि मधोमध भैयासाहेब, म्हणजे नवऱ्या मुलाचे आजोबा. त्यांनी शेवटचं आपोशन घेऊन पान सोडल्याशिवाय कुणी उठायचं नाही. मधेच कुणी उठलं की पंगत मोडली, मग ते स्वतःही पुढे जेवत नाहीत. अंकितानं हे मला आधीच बजावलं होतं. मी म्हटलं, मला काय झालंय उठायला?

मला काय झालंय, ते अंकितालाही ठाऊक नव्हतं.

मठ्ठा वाढायला एक उंच मुलगा आला. नवऱ्या मुलाचा चुलत भाऊ, शंतनू. हातात पितळेची झारी, सोवळ्याला शोभेल असा गंभीर चेहरा. माझ्या द्रोणात मठ्ठा ओतता ओतता तो रेडिओवर क्रिकेटचं वर्णन करतात तसा हळूच बोलायला लागला, "और भैयासाहब जलेबी की ओर बढ़ते हुए… जलेबी गरम, उंगलियाँ अनुभवी… उठाई… और ये हाथ से छूटी, सीधे मठ्ठे में."

मी वर पाहिलं. भैयासाहेबांची जिलबी खरंच मठ्ठ्यात तरंगत होती आणि ते तिच्याकडे, न विचारता रजेवर गेलेल्या कारकुनाकडे बघावं तसे बघत होते.

"काकू अंपायर की भूमिका में," जिलबीचं ताट धरलेल्या त्याच्या काकूंकडे बघत शंतनू पुढे सरकता सरकता म्हणाला, "दूसरी जलेबी की अपील… नामंजूर. शुगर."

मी ओठ दाबले. श्वास धरला. श्रीखंडाकडे एकटक पाहत राहिले. काही उपयोग झाला नाही. पोटातून हसू वर आलं आणि त्याच क्षणी खाली… मी उठले. अर्धं पान तसंच टाकून, पदर सावरत, सगळ्या पंगतीसमोरून धावत निघून गेले.

सरळच सांगते, नाहीतर ही गोष्ट कळायची नाही. मला खूप हसू आलं की लघवी सुटते. कधी थोडीशी, कधी कपडे बदलावे लागतील इतकी. शाळेत असल्यापासून आहे. आमच्या शाळेत मुलींच्या बाथरूमला कायम कुलूप असायचं, म्हणून आम्ही दिवसभर पाणी प्यायचो नाही आणि घरी पोचेपर्यंत दाबून धरायचो. सहावीत एकदा सगळा वर्ग हसत असताना माझ्या बाकाखाली ओलं झालं. त्या दिवसापासून मी हसणं सोडलं. माणसं मांसाहार सोडतात तसं, ठरवून. आता मी एका शाळेत केमिस्ट्री शिकवते आणि स्टाफरूममध्ये मला पाठीमागे 'प्रिन्सिपल मॅडम' म्हणतात. अवंती मुळातच गंभीर आहे, असं आमची आईसुद्धा कौतुकानं सांगते.

आठवड्याभरानं अंकिताचा फोन आला. शंतनूला माफी मागायची आहे. त्याला वाटतंय, त्याच्या थिल्लरपणाचा मला राग आला म्हणून मी उठले. भैयासाहेबांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं होतं, पाहुण्या मुलीची थट्टा केलीस म्हणून. नंबर देऊ का?

नको म्हणायला हवं होतं. मी दे म्हटलं.

तो पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर. मी देवासला. मध्ये इंदूर. तर दोघांनाही सोयीचं म्हणून आम्ही इंदूरला चहाला भेटलो, मग पुन्हा भेटलो, आणि मग सोयीचं कारण द्यायचं दोघांनीही सोडून दिलं. तो चहावाल्याला इंदुरी थाटात "भिया, दो कड़क" म्हणायचा आणि माझ्याशी बोलताना शुद्ध मराठीवर यायचा. एखादा शब्द अडला की डोळे वर करून तो हवेत शोधायचा… आणि सापडला नाही की हिंदीतलाच ठेवून द्यायचा. ते मला फार आवडायचं. त्याच्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या असायच्या, मनगटावर ग्रीसचा एखादा डाग राहिलेला असायचा, आणि मी तो डाग बघत बसायचे.

"एक विचारू?" एकदा तो म्हणाला. "जगातले सगळे लोक खिडकीजवळची जागा मागतात. तुम्ही नेहमी बाथरूमच्या दाराशीच का बसता?"

"खिडकीशी बसलं की तुम्ही रस्त्यावरच्या लोकांची कॉमेंट्री करता."

"आणि इथे?"

"इथे फक्त फिनाइल आहे. त्याच्यावर काय करणार…"

"आव्हान देताय," तो म्हणाला, आणि फिनाइलच्या बाटलीवरच्या चित्रातली बाई इतकी खूश का आहे, यावर त्यानं असं काही सांगायला सुरुवात केली की मी टेबलाची कड घट्ट पकडली. "शंतनू, प्लीज. मला हसवू नका," मी म्हटलं. आवाज जरा जास्तच कडक निघाला. त्यानं गोष्ट अर्धीच सोडली. "सॉरी," म्हणाला. मी आत गेले, दार लावलं आणि रुमाल तोंडात धरून एकटीच हसले.

असं दरवेळी व्हायचं. त्याला भेटायचं असलं की मी सकाळपासून पाणी प्यायचे नाही, काळी सलवार घालायचे, पर्समध्ये कपड्यांचा एक जोड जास्तीचा ठेवायचे. प्रेमात पडलेल्या मुली कानातले निवडतात, मी डाग न दिसणारे रंग निवडत होते. पण प्रेमात पडले होते, हे नक्की. बस देवासला पोचायच्या आत मला पुढच्या भेटीची घाई झालेली असायची.

जुलैपासून तो बदलला. आधी मला वाटलं, कारखान्यात काही झालं असेल. तो नीट बसायला लागला, हवामानावर बोलायला लागला. एकदा त्यानं सिमेंटच्या भावांबद्दल सांगितलं, बराच वेळ. हसण्याजोगी गोष्ट समोर घडली तरी तो बघायचा आणि नजर खाली घ्यायचा. चहावाल्यानं स्वतःच्याच हातावर चहा ओतून घेतला आणि दोष गिऱ्हाइकाला दिला, तेव्हासुद्धा शंतनू काही बोलला नाही. त्याच्या गालाचा स्नायू तेवढा हलला. तो प्रकार मी ओळखते. मी तो आयुष्यभर केलाय.

"तब्येत बरी आहे ना?" मी विचारलं.

"सुधारतोय," तो म्हणाला. "तुमच्यासाठी. रात्री बातम्या पण बघतो मी आता."

तो हे थट्टेनं म्हणत नव्हता. मग त्यानंच विषय काढला. लग्नाचं घरी विचारताहेत, म्हणाला. डोल ग्यारसला, म्हणजे भाद्रपदातल्या एकादशीला, ते सगळे हाटपिपल्याला त्याच्या मामांकडे जमणार होते, नरसिंहाच्या उत्सवाला. मी यावं आणि तेव्हा हो की नाही ते सांगावं. "फक्त एक आहे, अवंती. खरं सांगा. मी जसा आहे तसा तुम्हाला चालत नसेन तर नाही म्हणा. मी प्रयत्न केला… पण जन्मभर असं तोंड आवळून मला जमणार नाही. मी अशा घरात गुदमरेन, आणि तुम्हालाही ते कळेल."

बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. इतकं हसतं माणूस, मी त्याचं हसू बंद केलं होतं, आणि त्याला कारणही सांगितलं नव्हतं. आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मला तुम्ही आवडता, पण तुमच्याजवळ बसलं की माझे कपडे ओले होतात? नाही म्हणून टाकणं सोपं होतं. मी जवळजवळ ठरवलंच होतं.

त्याच महिन्यात महाराष्ट्र समाजाच्या हॉलमध्ये एक व्याख्यान होतं. बाहेरच्या फळ्यावर नुसतंच 'आरोग्यविषयक मार्गदर्शन' लिहिलं होतं. विषय होता मूत्राशयावरचा ताबा, पण तो फळ्यावर लिहायला समितीतलं कुणी तयार होईना. मला तो आमच्या शाळेतल्या एका बाईंनी कुजबुजत सांगितला, स्वतःसाठी नाही, नणंदेसाठी. मी तोंडाला ओढणी गुंडाळून मागच्या दारानं आत गेले.

इंदूरहून आलेल्या डॉ. किमया फिजिओथेरपिस्ट होत्या, माझ्याहून थोड्या मोठ्या. त्यांनी 'लघवी' हा शब्द माइकवरून एवढ्या सहज उच्चारला की पुढची रांग दचकली. म्हणाल्या, शिंकताना, खोकताना, हसताना, उड्या मारताना थेंब जाणं किंवा घाई लागून बाथरूमपर्यंत न पोचणं, हे बाळंतपणानंतर होतं, पाळी गेल्यावर होतं, पुरुषांना प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर होतं, आणि लग्न न झालेल्या तरुण मुलींनाही होतं. वयाचा दोष म्हणून सोसायचं नसतं. बहुतेकांना उपायानं फरक पडतो. पोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, मूत्राशय तिच्यावर टेकलेलं असतं. झोळी सैल पडली तर ती घट्ट करता येते. चारचौघांत वायू अडवताना आपण जिथे आवळतो ना, तिथेच आवळायचं, थोडं धरायचं, पूर्ण सोडायचं, रोज. आणि पाणी तोडायचं नाही. पाणी कमी पडलं की लघवी तीव्र होते आणि मूत्राशय आणखी चिडतं. आधी तपासून घ्यायचं, कारण कधी नुसतं इन्फेक्शन असतं, कधी साखर.

मग प्रश्न. एकीच्या जावेला त्रास होता, एकीच्या शेजारणीला. सगळा हॉल दुसऱ्यांच्या काळजीनं भरून गेला होता. मीही उठले आणि म्हटलं, माझी एक मैत्रीण आहे, तिला हसताना होतं. डॉक्टर म्हणाल्या, मैत्रिणीला सांगा, हसू येतंय असं वाटलं की आधी आवळायचं, मग हसायचं. हसणं सोडायचं नाही.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक पुरुषी आवाज आला. "आमच्या कारखान्यातला एक मित्र आहे. गेल्या वर्षी त्याचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं…"

मी वळून पाहिलं. ते तात्या होते. माझे वडील.

त्यांनीही मला पाहिलं. त्यांचं ऑपरेशन गेल्या वर्षीच झालं होतं. तेव्हापासून त्यांनी टेकडीवर फिरायला जाणं सोडलं होतं, भजनाला जाणं सोडलं होतं, आणि आम्ही म्हणत होतो की रिटायर झाल्यावर तात्यांचा स्वभाव एकलकोंडा झाला. एकाच घरात राहून आम्ही दोघं एकमेकांपासून तेच लपवत होतो.

घरी जाताना स्कूटरवर त्यांनी लांबचा रस्ता धरला. मग म्हणाले, "तुझी मैत्रीण कोण गं?"

"तुमचा मित्र कोण, तात्या?"

स्कूटर त्यांनी कडेला घेतली. "लहानपणापासून?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "आणि मी विचारलं नाही कधी," ते म्हणाले. त्यांचा हात माझ्या डोक्यावर आला आणि तिथेच राहिला. मग, "पण मित्राला बरं वाटलं आज," म्हणून ते हसायला लागले, आणि मी आधी आवळून मग थोडीशी हसले.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघांनी तपासण्या करून घेतल्या. काही निघालं नाही. डॉक्टर किमयांनी व्यायाम नीट शिकवला, कारण मी आतापर्यंत भलतेच स्नायू आवळत होते. रोज संध्याकाळी तात्या आणि मी टीव्हीसमोर शेजारीशेजारी बसून आवळायचो आणि सोडायचो. बाहेरून काहीच दिसत नाही. आईला कळेना, हे दोघं मालिकेकडे इतक्या निश्चयानं का बघतात. एक दिवस तिला सांगितलं. ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मलाही शिकव."

डोल ग्यारसपर्यंत बरा झालेला नव्हता त्रास. कमी झाला होता. शिंकेला आता काही व्हायचं नाही, हसण्याचा भरवसा नव्हता. पण त्या दिवशी मी पाणी पिऊन निघाले, पिवळा कुर्ता आणि पांढरी सलवार घालून. आईनं दारात माझ्याकडे पाहिलं आणि माझी ओढणी सरळ केली.

हाटपिपल्याला मामांच्या घरात पाय ठेवताच मी शंतनूच्या आईला, लतिकाकाकूंना, नमस्कार केला आणि विचारलं, "काकू, बाथरूम कुठे आहे?" परक्या घरात असं पहिल्याच वाक्यात विचारण्याची माझी पहिलीच वेळ. त्यांनी बोट दाखवलं. एवढंच. काहीही कोसळलं नाही.

मग आम्ही सगळे नदीवर गेलो. पुजाऱ्यांनी नरसिंहाची दगडी मूर्ती पाण्यात सोडली, आणि ती, दरवर्षी तरंगते म्हणतात तशी, दगडाची असून तरंगत राहिली. काठावरून जयजयकार उठला. भैयासाहेबांनी डोळे मिटून हात जोडले. माझ्याशी ते अजून बोलले नव्हते. शंतनू माझ्या बाजूला उभा होता, इस्त्रीचा शर्ट, गंभीर चेहरा. त्याच्या कोपराचा स्पर्श माझ्या कोपराला झाला आणि त्यानं तो सभ्यपणे दूर घेतला. मला ते सोसवेना.

"घरी चला," मी म्हटलं. "मला बोलायचंय."

मामांच्या घरी कुणी नव्हतं. आम्ही ओट्यावर बसलो. तो हातांची बोटं गुंफून जमिनीकडे बघत राहिला, निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखा. मी पाठ केलेलं सगळं विसरले.

"मला हसताना लघवी होते," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली.

"शाळेत असल्यापासून. खूप हसू आलं की ताबा राहत नाही. म्हणून मी बाथरूमशेजारी बसते. म्हणून म्हणते, हसवू नका. उपचार चालू आहेत, फरक आहे, पण पूर्ण जाईल असं वचन देता येत नाही. हे आधी सांगायचं होतं. आणि… मला तुम्ही फार आवडता. तुम्ही सिमेंटवर बोलता तेव्हा कमी आवडता."

पलीकडे नदीवरून ढोल ऐकू येत होते. मी माझ्या पांढऱ्या सलवारीच्या घडीकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, आता काहीही म्हणाला तरी सांगून झालंय.

"दुखतं का?" त्यानं विचारलं.

"नाही. लाज वाटते. दुखत नाही."

"मग पंगतीत…"

"जिलबी," मी म्हटलं.

"राग नव्हता?"

"नाही."

"फिनाइलवाली बाई?"

"आत जाऊन रुमाल चावत होते."

तो हळूहळू मागे टेकला. त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं, महिन्यांचं. "म्हणजे तुम्ही हसत होता," तो म्हणाला. "सगळा वेळ. यार… आणि मी बातम्या बघत होतो." त्याचे डोळे भरले होते. मग त्यानं माझ्या हातावर हात ठेवला, मनगटावरचा ग्रीसचा डाग माझ्या बांगडीला टेकला. "डॉक्टरांनी हसायची मनाई केलीये?"

"नाही. उलट सांगितलंय, सोडायचं नाही."

"आणि मी?"

"तुम्हालाही सोडायचं नाही."

मला त्याच्या गालाचा स्नायू हलताना दिसला, आणि या वेळी त्यानं तो आवरला नाही. "मग एक गोष्ट आहे. जुलैपासून पोटात ठेवलीये. सांगू?"

मी पाय जवळ घेतले, आवळलं, आणि मान हलवली.

"भैयासाहेबांना मी आमचा कारखाना दाखवायला नेलं," तो म्हणाला. "तिथे गाडीच्या दारांना रंग देणारा रोबोट आहे. नुसता एक मोठा हात. आम्ही काचेपाशी आलो आणि तो हात त्यांच्यासमोर सावकाश खाली वाकला. आता संस्थानातला माणूस. त्यांना वाटलं, मुजरा केला. त्यांनी उलट मुजरा केला. हात वर गेला, पुढचं दार आलं, हात परत वाकला. भैयासाहेब म्हणाले, वळण चांगलं आहे मुलाला. आणि परत वाकले."

माझा श्वास अडकला. "शंतनू…"

"दोघंही मागे हटेनात. रीत अशी, की शेवटचा मुजरा मोठ्याचा. आणि तिकडे दारं संपेनात. मागे सगळी शिफ्ट उभी…"

मी हसले. तोंडावर हात न धरता, मान मागे टाकून, मोठ्यानं. इतक्या मोठ्यानं की समोरच्या झाडावरचे पोपट उडाले. माझं हसू एवढं मोठं आहे, हे मलाच माहीत नव्हतं. आवळलेलं कुठच्या कुठे गेलं. थोडंसं झालं. पांढऱ्या कपड्यावर मला ते जाणवलं, आणि त्यालाही कळलं, कारण मी एकदम थबकले.

पर्स माझ्या हाताशी होती, आतलं दार दोन पावलांवर होतं. मी उठले नाही.

शंतनू हसता हसता थांबला. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, फक्त चेहऱ्याकडे. माझा हात त्याच्या हातात तसाच होता.

"थांबू?" त्यानं हळूच विचारलं.

"नको," मी म्हटलं. "पुढे सांग."